सगळं उलटलं पाहिजे, अन् एकदाच

आदरणीय सर,

फोनवर आभार मानले की तुम्ही "असू दे रे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आर-2-ऑक्टॅनॉलपासून (डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रूपांपैकी 'आर' रूपातलं अल्कोहोल) फ्लोरिनयुक्त ईथर करायचा होता, तोही एकाच रूपातला. माझी अक्कल अशी, की आधी हायड्रोब्रोमिक आम्लात तासन् तास उकळून त्याचं ब्रोमाइड केलं. पोलारिमीटरवर, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून एकच रूप किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, आकडा अपेक्षेच्या निम्माही येईना. गाईडना सांगायची छाती होईना. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही निवृत्त माणूस, मे महिन्याच्या उन्हात अमळनेरहून एसटीने जळगावला हजर!

वही चाळून म्हणालात, "उलटलं तरी चालतं रे भो. पण सगळं उलटलं पाहिजे, अन् एकदाच." मग सदऱ्याची बाही उलटी करून दाखवलीत. ब्रोमाइड आयन मागून येऊन कार्बन उलटा करतो, तिथवर ठीक. पण भांड्यात तेच आयन भरपूर, वरून आच. ते झालेला रेणू पुन्हा उलटवत राहतात आणि शेवटी डावे-उजवे सारखेच उरतात. ह्यूज आणि सहकाऱ्यांनी 1935 मध्ये किरणोत्सारी आयोडीन घेऊन 2-आयोडोऑक्टेनवर हेच मोजलं होतं, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. लिहिलं होतं, कळलं नव्हतं.

मार्गही तुम्हीच सुचवलात: मित्सुनोबू अभिक्रिया, म्हणजे एका अल्कोहोलचा ऑक्सिजन काढून तिथे दुसरा जोडीदार मागून बसवायची पद्धत. त्यात जोडीदार अल्कोहोलने आपला प्रोटॉन सहज सोडायला हवा. साध्या अल्कोहोलचा पीकेए (हा आकडा जितका कमी, तितका प्रोटॉन सहज सुटतो) 16 च्या आसपास, त्याचं इथे काम नाही. नोनाफ्लोरो-टर्ट-ब्युटॅनॉलचा मात्र साधारण 5.4, नऊ फ्लोरीनमुळे जवळपास व्हिनेगरमधल्या आम्लाच्या पंगतीला. ट्रायफेनिलफॉस्फीन ऑक्टॅनॉलचा ऑक्सिजन घेऊन जातं, आणि फ्लोरिनवाला मागून एकदाच येऊन बसतो.

लॅबमधलं बर्फाचं मशीन नेमकं बंद. तुम्ही रसवंतीवरून बर्फ आणलात आणि डीआयएडी (ट्रायफेनिलफॉस्फीनसोबत लागणारं रसायन) थेंबथेंब टाकताना माझ्या शेजारी उभे राहिलात. घाई केली की हात धरायचात. शुद्धीकरणाच्या कॉलमवर ईथर हेक्झेनबरोबर आधीच निघून आला, तो चिवट फॉस्फीन ऑक्साइड (ऑक्सिजन घेतलेलं ट्रायफेनिलफॉस्फीन) वरच अडकून बसला. एस-ईथर, म्हणजे एकदाच उलटलेला, मिळाला, सर. पोलारिमीटरचा आकडा तीनदा घेतला, तिन्ही वेळा तोच.

त्या दिवशी काकूंनी बांधून दिलेली कळण्याची भाकरी निम्मी मीच खाल्ली. आणि बर्फाचे पैसे तुम्ही दिले होते, ते अजून माझ्याकडे बाकी आहेत.

तुमचा विद्यार्थी