उलटी फिरणारी कडी

प्रिय मंदार,

तुझा प्रश्न एका ओळीचा होता, "काय रे, निकॉन सोडलंस म्हणे?" उत्तर मात्र लांबणार आहे.

सोडलं. १२ वर्षं वापरलेला डीएसएलआर कॅमेरा, दोन झूम लेन्स, तो ठोकळ्यासारखा फ्लॅश, सगळं विकलं. इतरांना मी मिररलेस (म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा), डोळा ओळखणारा ऑटोफोकस वगैरे कारणं सांगतो. तुला खरं सांगतो. ताईची कॅनन आरएफ १००-५०० मिमी झूम लेन्स कपाटात पडून होती. "बसली तुझ्या कॅमेऱ्याला तर वापर," म्हणाली. बसण्यासारखी नव्हतीच, म्हणून कॅमेराच बदलला. नाल सापडला म्हणून घोडा घेतला म्हण.

आता हाल ऐक. निकॉनची लेन्स ज्या बाजूला फिरवून बसते, त्याच्या नेमकी उलट कॅननची. पहिला आठवडाभर मी दरवेळी आधी चुकीच्या बाजूला पिळत होतो. ते चालतं, लेन्स बदलताना कुणाला घाई असते? पण झूमची कडीसुद्धा उलटी! परवा तळ्याकाठी खंड्या फांदीवर बसला होता, मान खाली, नजर पाण्यात. मी ३०० वर होतो. अजून जवळ घ्यावा म्हणून सवयीने कडी फिरवली, तर खंड्या टिपक्याएवढा झाला. थेट १०० वर आलो होतो. उलट फिरवून ५०० गाठेपर्यंत फांदी रिकामी, नुसती हलतेय. बोट बटणावरच होतं, त्यामुळे हलत्या फांदीचे ११ फोटो आहेत. फोकसही अचूक आहे, बरं का.

कॅमेऱ्यावरच्या डायलची दिशा मेनूत जाऊन बदलता येते, ती मी लगेच बदलली. झूमची कडी पडली यांत्रिक, तिला कुठला मेनू?

एक लेन्स मात्र विकवली नाही. तीच आपली ५० मिमी एफ/१.८डी. तिच्यात मोटर नाही; जुनी बॉडी आपल्या मोटरने तिचा स्क्रू फिरवायची आणि खर्र खर्र आवाज यायचा, आठवतं? माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स अडकते ती जागा. निकॉनच्या एफ माउंटमध्ये सेन्सर माउंटपासून ४६.५ मिमी मागे असतो, कॅननच्या आरएफमध्ये फक्त २० मिमी. मधले २६.५ मिमी भरून काढले की १९५९ सालचं माउंट २०१८ च्या माउंटवर बसतं. त्यासाठी मिळतो तो अडॅप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी, आत ना काच ना तार. उलट्या बाजूने हे जमलं नसतं, उणे जाडीची नळी कोण बनवणार?

ऑटोफोकस अर्थातच गेला. पण गंमत अशी, की तिची ॲपर्चरची, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणारी, कडी मी इतकी वर्षं २२ वर लॉक करून ठेवली होती, कारण जुन्या बॉडीला तशीच लागायची. परवा ती बारीकशी खिट्टी सरकवली आणि पहिल्यांदा कडी हाताने फिरवली. टक, टक, टक. व्ह्यूफाइंडरमध्ये जे फोकसमध्ये येतं त्याच्या कडा लाल चमकतात. घाईच करता येत नाही. त्या दिवसापासून १००-५०० बॅगेतच आहे. ताईला सांगू नकोस.

आणि या ५० मिमीची फोकसची कडी अजून निकॉनच्याच दिशेने फिरते! म्हणजे आता एका बॅगेत दोन दिशा. परवा मान्य करून टाकलं, गोंधळ जन्मभराचा आहे.

तुझ्याकडे माझा ५२ मिमीचा पोलरायझर फिल्टर आहे. तो याच लेन्सचा. शोधून पाठव.

तुझा,
अवी