क्लास लावण्याआधी पेपर बघ

कोल्हापूर

प्रिय दत्ता,

चौथीतल्या पोरीला गणितात कमी गुण पडले म्हणून लगेच क्लास लावायला निघालास. जरा दम धर. तिचा तपासलेला पेपर शाळेतून बघायला माग आणि चूक नेमकी कुठल्या पायरीला झाली ते शोध.

618 भागिले 6 हेच घे. उत्तर 103, पण बरीच पोरं 13 लिहितात. सहा एके सहा होतं, खाली 1 येतो, त्यात सहा जात नाहीत. तिथं वर शून्य मांडायचं सोडून पोरं थेट 8 उतरवतात आणि 18 ला भागतात. अशा पोराचे पाढे पक्केच असतात, कच्ची असते ती स्थानिक किंमत. मग पाढे घोकून घेऊन काय उपयोग? शंभराच्या सहा नोटा, दहाची एक आणि आठ सुटे रुपये तिच्यापुढं ठेव, सहा जणांत वाटायला सांग. दहाची नोट मोडल्याशिवाय वाटता येत नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य. मोडली की अठरा सुटे, प्रत्येकाला तीन. शेवटी विचार, ‘प्रत्येकाला शंभराची नोट मिळाली, मग उत्तर 13 कसं?’ हा अंदाज घ्यायची सवय लागली की निम्म्या चुका तीच पकडेल.

शाब्दिक उदाहरणात अडत असेल तर ते मोठ्यानं वाचून घे आणि आकडे सोडून काय घडलं ते सांगायला लाव. तिथंच अडखळली तर आधी मराठी वाचन सुधार.

रोज वीस मिनिटं, चार-पाच उदाहरणं पुरेत. रविवारी तीन तास बसवू नकोस, पोर कंटाळते आणि बुधवारपर्यंत सगळं विसरते. आज शिकलेलं उद्या, मग चार दिवसांनी, मग आठवड्यानं पुस्तक मिटून करून घे. उघड्या पुस्तकात सगळं येतंय असंच वाटतं. तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत, तुझासुद्धा. आणि नऊ तास झोप हवीच.

लग्नं, जत्रा यांपायी शाळा बुडवू नका. भागाकाराचे दोन दिवस हुकले की पुढचं सगळं लटकतं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. आज असता तर आपल्यातल्या कितीजणांनी भरला असता कोण जाणे!

बाईंना भेटलास की ‘अभ्यासात कशी आहे?’ असं मोघम विचारू नकोस, ‘बरी आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘कुठल्या घटकात अडते?’ म्हण.

पेपर हातात आला की फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू