नाव नंतर घालू

पुणे, मंगळवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू अर्धा चहा टाकून गेलीस. स्कूटरची किल्ली घ्यायला परत वर आलीस, तेव्हाही बोलली नाहीस. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. फ्लॅटचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. मावशीने केळवणाला शनिवार धरलाय. उकडीचे मोदक की पुरणपोळी, ते तिला तूच कळव.

तर, बालेवाडीचा फ्लॅट.

करारनामा त्याच्या एकट्याच्या नावावर आणि हप्त्यातले 28 हजार दर महिन्याला तुझ्या पगारातून. मी विचारलं तर म्हणालीस, "लग्नाआधी स्टँपपेपरवर लिहून घेऊ, हल्ली करतात सगळे." त्याच्यासमोर मी बोलायला नको होतं, चुकलंच. पण काल वकीलबाईंकडे जाऊन आले, आजीचं हक्कसोडपत्र केलं होतं त्याच. त्या म्हणाल्या, हिंदू लग्नात त्या कागदाच्या भरवशावर राहू नका. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 वर बोट ठेवून कोर्ट तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवू शकतं. गोव्याचं वेगळं. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची रीत, लग्नाआधी दुसरा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी. मी म्हटलं, मग गोव्यातच बार उडवू. हसल्या. तो कायदा गोवेकरांना, नुसता मांडव तिकडे घातल्याने लागू होत नाही म्हणे. आपल्याकडे लग्न लागलं म्हणून एकाचं दुसऱ्याचं होत नाही. तुझे दागिने तुझे, ते स्त्रीधन. घर मात्र कागदावर नाव असेल त्याचं. हप्ते कोणी फेडले हे मग बँकेची पासबुकं घेऊन कोर्टात सांगत बसायचं.

लेक्चर झालं ना? माफ कर. बाबा असते तर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं.

नाही, त्यांनी नसतं सांगितलं. 1991 मध्ये धायरीच्या फ्लॅटसाठी माझ्या पाटल्या मोडल्या. लक्ष्मी रोडवर सराफ वजन करत होता आणि मी दाराकडे तोंड करून उभी होते. नोंदणीच्या दिवशी मला रजा मिळाली नाही. "जाऊ दे, नाव नंतर घालू तुझं," म्हणाले. वाईट माणूस असता तर तेव्हाच भांडले असते. ते नंतर 17 वर्षं चाललं. 2008 ला ते गेले. सोसायटीत नॉमिनी मी, म्हणजे घर माझं असंच धरून चालले होते. नॉमिनी नुसता सांभाळणारा. 1956 च्या वारसा कायद्याने घराचे तीन हिस्से झाले, एक माझा, एक तुझा, एक आजीचा. मुलाच्या मालमत्तेत आई पहिल्या वर्गाची वारस असते, हे मला तेव्हा कळलं.

काका आजीला म्हणाला, घाई करू नकोस. मी तीन आठवडे तिला जेवायला वाढत होते आणि सहीचं विचारत नव्हते. मग एक दिवस तीच नऊवारी नेसून दारात उभी राहिली, म्हणाली, "चल, ऑफिस अकराला उघडतं." अंगठ्याची शाई तिने तिथेच पदराला पुसली. ते लुगडं माझ्याकडे आहे. प्रत्येकीला अशी सासू मिळत नाही गं. तुझी वाईट आहे असं म्हणत नाही.

बिल्डरकडून पार्किंगचे पैसे तू कमी करून घेतलेस, ते मी शेजारी चार जणींना सांगितलंय. एवढं बोलू शकणारी मुलगी स्वतःच्या नावाशी आली की गप्प का होते? तो म्हणतो, नंतर घालू. घालेलही. लग्नानंतर नवऱ्याने बायकोला राहत्या घरातला हिस्सा बक्षीसपत्राने दिला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. वरचा खर्च वेगळा, आणि कर्ज असेल तर बँकेची संमती हवी. पण नोंदणी सोमवारी आहे. अजून सही झालेली नाही. आज एक नाव वाढवायला काय लागतं? त्याला विचारून तर बघ. त्याच्यावर माझा राग नाही, सरबत त्याने दोनदा मागून घेतलं तेव्हाच मला आवडला होता.

पुन्हा तेच लिहिलं. खोडत नाही, कागद खराब होतो.

शनिवारी येताना करारनाम्याच्या मसुद्याची झेरॉक्स आण. मोदक वाफवून होईपर्यंत मी नुसती चाळेन.

तुझी,
आई

ता. क. मावशीकडे हा विषय काढणार नाही. तूही काढू नकोस.