रविवारची बास अदलाबदल : लाकूड लिहूनच आणा

मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता छत्रपती संभाजीनगरात, क्रांती चौकाजवळच्या आपल्या नेहमीच्या सरावाच्या खोलीत बास गिटारींची खरेदी-विक्री आहे. जालना, परभणी, नांदेडहून येणाऱ्यांनी शनिवार दुपारपर्यंत कळवा, जेवणाचं सांगायचं आहे.

विकायला आणलेल्या प्रत्येक बासवर फ्रेटबोर्डचं (मानेवरची, तारा दाबायची पट्टी) लाकूड कोणतं, याची चिठ्ठी हवी. नुसतं ‘रोझवुड’ चालणार नाही. रोझवुड ज्यांपासून मिळतं त्या डाल्बर्जिया वंशातली सगळी झाडं २ जानेवारी २०१७ पासून साइट्स करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) आली, आपलं शिसवी लाकूडसुद्धा. तेव्हा विकलेला एक बास परदेशी पाठवायचा तरी कागद लागत. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग यांना सूट मिळाली. कच्च्या फळीला ती नाही, हे स्वतः बास बनवणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

ब्राझिलियन रोझवुडची गोष्ट वेगळी. ते १९९२ पासून साइट्सच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि वरची सूट त्याला लागू नाही. १९६० च्या दशकातल्या काही अमेरिकी बासवर ते सापडतं. म्हणून :

- असा बास असेल तर जुनं बिल, आयातीचे कागद, फोटो सोबत आणा. कागदांविना आपल्याकडे तो विकू देणार नाही.
- परवान्याशिवाय तो परदेशी पाठवू नका, मागवूही नका.
- पाव फेरो हे लाकूड दिसायला रोझवुडसारखं, पण ते डाल्बर्जिया नव्हे. रोझवुड सांगून ते कुणाच्या गळ्यात मारू नका.

लाकूड ओळखता येत नसेल तर अर्धा तास आधी या, एकत्र बसून बघू.