निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा जन्म नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ख्रिस्ती पंथांवरचा लेख वाचला. 'कॅथलिक मरियेची पूजा करतात, प्रोटेस्टंट तिला मानत नाहीत,' असा एका ओळीत लेखकाने येशूच्या आईचा, मरियेचा, विषय निकालात काढला आहे. त्यावर कडी म्हणजे 'निष्कलंक गर्भसंभव' याचा अर्थ 'पुरुषाशिवाय झालेला येशूचा जन्म' असा दिला आहे. माझं माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट. ३१ वर्षं या विषयावर घरातच वाद घालत आले आहे, म्हणून लिहायचं धाडस करते.

आधी चूक. निष्कलंक गर्भसंभव हा मरियेचा स्वतःचा. ती आपल्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून तिला मूळ पापाचा, म्हणजे आदामापासून प्रत्येक माणसाकडे जन्मतःच येणाऱ्या पापाचा, स्पर्श झाला नाही, अशी ती शिकवण आहे. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी ती श्रद्धेचा सिद्धांत म्हणून जाहीर केली. येशूचा कुमारीच्या पोटी जन्म ही अगदी निराळी गोष्ट. ती प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, आहे आणि तो कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही म्हणतात. लेखकाला फार बोल लावत नाही, कारण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात बसूनही माझ्या डोक्यात हाच घोळ होता. तो दुरुस्त केला सासूबाईंनी. म्हणजे जो सिद्धांत त्या मानतच नव्हत्या, तो त्यांनी मला समजावून सांगितला!

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात रात्री मी जपमाळ घेऊन बसले. आईने दिलेली लाकडी माळ, तिचा एक मणी हरवला म्हणून त्याजागी शर्टाचं बटण ओवलेलं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. माळेच्या मण्यांवर म्हणायच्या 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पहिला भाग त्यांनी माझ्याबरोबर म्हटला आणि 'आमच्यासाठी विनंती कर'च्या आधी गप्प झाल्या. पुढच्या प्रत्येक मण्याला तेच. शेवटी मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, पहिलं सगळं लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं आहे. देवदूताचं अभिवादन आणि मरियेची नातलग अलीशिबा हिचं बोलणं. ते मी का म्हणू नये? पुढचं तुमच्या चर्चचं." त्यांचं बरोबर होतं. दुसरा भाग मागाहून जोडला गेला आणि १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात पक्का झाला.

भांडण आहे ते या उत्तरार्धावर. मरियेला मान द्यावा की नाही, यावर नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथर यांनी १५२१ मध्ये तिच्या स्तोत्रावर, 'माझा जीव प्रभूला थोर मानतो' यावर, आख्खं विवेचन लिहिलं आहे. ती अखेरपर्यंत कुमारीच राहिली, असंही ते मानत. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि "बघते" म्हणाल्या. आठवड्याने स्वतःहून कबूल केलं की बाई, आहे खरं. पण लगेच, "ल्यूथर म्हणजे काही पवित्र शास्त्र नव्हे. मार्कच्या शुभवर्तमानात येशूचे भाऊ लिहिले आहेत ना? मग भाऊच." ते चुलत किंवा मावसभाऊ असावेत असं प्राचीन धर्मपंडित जेरोम यांनी ३८३ च्या सुमारास मांडलं होतं, वगैरे मी सांगून पाहिलं. त्या वादात मी कधी जिंकले नाही.

मध्यस्थीचा, म्हणजे मरियेला आणि संतांना आपल्यासाठी देवाकडे विनंती करायला सांगावं का, हा वाद मात्र खरोखर खोल आहे. 'देव आणि मानव यांच्यामध्ये एकच मध्यस्थ,' हे बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन प्रोटेस्टंटांचा पाया. ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या श्रद्धेचा कित्ता गिरवावा, असं म्हटलं आहे. त्यांच्याकडे मदत मागायला मात्र नकार आहे. मी म्हणायची, "आई, परीक्षेच्या वेळी तुम्हीच सगळ्या मंडळीला सांगता ना, मुलासाठी प्रार्थना करा म्हणून? मग मी मरियेला सांगितलं तर ख्रिस्ताची मध्यस्थी कमी कशी होते?" यावर त्यांचं उत्तर तयार असे : "मंडळी जिवंत आहे." मी म्हणे, ख्रिस्तात मेलेलेही जिवंतच, मतांगीकारात 'पवित्र जनांची संगत' म्हणता, ती मग कोणाची? त्यावर त्या विचारत, "बरं, जिवंत धर. पण जगभरातून एकाच वेळी इतके लोक तिला हाक मारतात. ती सगळं ऐकते कशी? सगळीकडचं ऐकणं हे देवाचं काम." आमचे धर्मगुरू याचं उत्तर देतात की तिला ते देवाच्याच कृपेने कळतं. मला ते पटतं. सासूबाईंचा प्रश्न मात्र पोकळ होता, असं मी कधीच म्हणणार नाही.

आता 'पूजा' या शब्दाबद्दल. ७८७ च्या निकिया येथील दुसऱ्या धर्मसभेने ग्रीक भाषेत दोन निराळे शब्द वापरून ठेवले आहेत : आराधना फक्त देवाची, प्रतिमांना आणि संतांना आदरपूर्वक वंदन. नंतरच्या धर्मपंडितांनी मरियेचा मान इतर संतांहून मोठा ठरवला, पण तोही आराधनेच्या अलीकडेच. मराठीत आपण पूजा, भक्ती, उपासना, वंदन सगळं एकाच टोपलीत टाकतो आणि मग पुरवणीत तसलं वाक्य छापून येतं. तरी आमच्याकडेही बोट वळवते. मूर्तीपुढे गुडघे टेकलेल्या माणसाला ही रेषा दर वेळी आठवते का? मला नाही आठवत. चौथ्या शतकात एपिफेनियस नावाच्या बिशपांनी मरियेला भाकरी अर्पण करणाऱ्या एका गटाला फटकारलं होतं : मरियेचा मान राखा, आराधना पित्याची, पुत्राची, पवित्र आत्म्याची करा. म्हणजे ही काळजी ल्यूथरच्या हजारेक वर्षं आधीची. अलीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये, व्हॅटिकननेच 'सहतारक' (ख्रिस्ताबरोबरीने तारण करणारी) हे बिरुद मरियेला लावणं योग्य नाही, असं लेखी कळवलं. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत तिच्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा की चर्चवरच्या दस्तऐवजातच तिला जागा द्यायची, यावर ऑक्टोबर १९६३ मध्ये मतदान झालं. १,११४ विरुद्ध १,०७४. फरक अवघ्या चाळीस मतांचा. कॅथलिक लोक मरियेविषयी एका सुरात बोलतात असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एका जागी मी सासूबाईंच्या बाजूने आहे, आणि हे लिहिल्याबद्दल माहेरी बोलणी खाईन. मरियेला देहासह स्वर्गात नेलं गेलं, हा सिद्धांत बाराव्या पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी जाहीर केला. तो सण त्याआधी कित्येक शतकं पाळला जात होता आणि मलाही तो प्रिय आहे. पण तिच्या अखेरीविषयी पवित्र शास्त्रात एक अक्षर नाही, आणि त्या घोषणेत मात्र हे नाकारणारा श्रद्धेतून ढळला, असं म्हटलं आहे. सासूबाई म्हणायच्या, "गोष्ट सुंदर आहे गं. पण न मानणाऱ्याला दाराबाहेर का काढता?"

गेल्या वर्षी त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत वाचता येईना, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून मी लूकचा पहिला अध्याय वाचून दाखवत असे. अलीशिबेच्या बोलण्याशी आले की त्यांचे ओठ हलायचे. त्यांच्यापुढे मी उत्तरार्ध कधी म्हटला नाही. आता रात्री माळ धरली की तो त्यांच्यासाठी म्हणते. हे त्यांना मुळीच आवडलं नसतं.

असो. लेखकाचं मत त्यांच्यापाशी. 'निष्कलंक गर्भसंभवा'च्या अर्थाची चूक तेवढी पुढच्या अंकात दुरुस्त व्हावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये.)