‘हे कोणाला ऐकू जातं?’ : एका टिपणासाठी जाहीर आभार

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

नाट्यवाचनाच्या वर्गासाठी तुम्ही लिहून दिलेलं टिपण आता प्रत्येकाच्या वहीत चिकटवलेलं आहे. नाटकाच्या संज्ञा एरवीही पाठ होतात. तुम्ही मात्र प्रत्येक संज्ञेला एक प्रश्न जोडलात आणि तो संहितेला विचारायला लावलात. हे पत्र त्यासाठी.

सगळ्यात मोठा उलगडा झाला तो स्वगताचा. पात्र रंगमंचावर एकटं दिसलं की समासात ‘स्वगत’ लिहून मोकळं व्हायचं, ही सर्रास होणारी चूक. तुमचा प्रश्न असा : हे वाक्य कोणाला ऐकू जातं? प्रेक्षकांखेरीज कोणालाच नाही, तर ते स्वगत. मग आजूबाजूला चार पात्रं उभी का असेनात. त्या चौघांना वगळून दोघंच आपापसांत बोलत असतील तर जनान्तिक. संस्कृत नाटकात त्यासाठी त्रिपताक हस्ताचा आडोसा धरतात, म्हणजे अनामिका वाकलेली आणि बाकीची बोटं सरळ. पाठ वळवून एकालाच गुपित सांगितलं तर अपवारित. समोर कोणी नसताना ‘काय म्हणतोस?’ असं विचारून उत्तरही आपणच ऐकवलं तर आकाशभाषित. इथे भेद नुसता नावांचा नाही. जनान्तिक चालू असताना तिसऱ्या नटाची भुवई जरी हलली, तरी त्याला ऐकू गेलं असं प्रेक्षक धरून चालतो आणि पुढचा प्रवेश कोसळतो.

टेलिफोनवरचं बोलणं स्वगतात का धरायचं नाही, हेही त्याच प्रश्नातून सुटतं. पलीकडे ऐकणारं कोणीतरी आहे. म्हणून पलीकडची न लिहिलेली वाक्यं पेन्सिलीने समासात लिहायची आणि ती मनात म्हणायला लागेल तेवढाच विराम घ्यायचा, ही तुमची सूचना फार मोलाची. तसं केलं नाही की सगळे विराम एकाच मापाचे होतात आणि फोन खोटा वाटतो.

कथा आणि कथानक यांतला फरक व्याख्येने कधीच डोक्यात शिरत नाही. तुम्ही दोन रकाने आखायला सांगितलेत : डावीकडे घटना घडल्या त्या क्रमाने, उजवीकडे प्रेक्षकाला कळतात त्या क्रमाने. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर हे करून पाहिलं की डावा रकाना नायिका बेणारेच्या जुन्या आयुष्यापासून सुरू होतो, तर उजवा एका गावातल्या सभागृहाच्या दारापासून. मधलं सगळं, पात्रं खेळ म्हणून मांडतात त्या खोट्या खटल्यातल्या साक्षींमधून बाहेर येतं. नाटककाराने काय मागे ठेवलं आणि का, ते या दोन रकान्यांच्या फरकात सापडतं.

उत्कर्षबिंदूबद्दलचा तुमचा इशाराही तितकाच नेमका : सर्वांत जास्त आरडाओरडा कुठे आहे ते शोधू नका, मुख्य प्रश्नाचा निकाल कुठे लागतो ते शोधा. ‘संगीत शारदा’मध्ये (1899) प्रश्न आहे, शारदेचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लागणार का? तो निकाल मांडवात लागतो, वधू-वर सगोत्र निघतात तेव्हा. त्यानंतरचं ते निर्वहण, म्हणजे कथानकाची शेवटची आवराआवर, ते कितीही हृदयद्रावक असलं तरी. आणि लग्न मोडतं ते गोत्रामुळे, पैसे घेऊन मुलगी देण्याला कोणी रोखल्यामुळे नव्हे. संघर्ष एका पातळीवर आणि सुटका दुसऱ्याच पातळीवर, हे संज्ञा नीट लावल्याशिवाय दिसत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ‘प्रवेश’ म्हणजे अंकाचा भाग आणि पात्राचं रंगमंचावर येणंही, म्हणून दुसऱ्या अर्थी टिपणात सरळ ‘येतो/येते’ लिहायचं. रंगसूचनेतलं डावं-उजवं नटाचं, प्रेक्षकाचं नव्हे. आकृती काढताना ते हमखास उलटं होतं.

एक मागणी आहे. संगीत नाटकातल्या पदांसाठीही असाच एखादा प्रश्न द्या. साकी, दिंडी ही पदांच्या छंदांची नावं ओळखता येतात. पण गद्य थांबून पद नेमकं त्याच जागी का सुरू होतं, हे संहितेला कसं विचारायचं ते तुमच्याकडूनच हवं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
नाट्यवाचन वर्गातले सर्वजण