खाज कसली, हे ओळखल्याशिवाय मलम नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परतीचा पाऊस ओसरून साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले, की आमच्या भागातील औषध दुकानांत खाजेची तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. मी तासगाव तालुक्यात नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून औषधांचे दुकान चालवतो. अशा ग्राहकांपैकी बहुतेकांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी नसते. असते ती शेपटाकडून गुंडाळत आणून पार पिळून काढलेली मलमाची ट्यूब. ‘हीच द्या, हिनंच गुण येतोय,’ असे म्हणून ती काउंटरवर ठेवली जाते. ट्यूब शेजाऱ्याने सांगितलेली असते, तिच्यावर काय छापले आहे ते कोणी वाचलेले नसते आणि खाज नेमकी कुठे व कधीपासून आहे, अशी चौकशी केली तर ती अनेकांना आवडत नाही. खाज अनेक कारणांनी येते आणि एका कारणावरचे औषध दुसऱ्या कारणावर पुष्कळदा अपायकारक ठरते, ही गोष्ट तपशिलाने वाचकांसमोर यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत जास्त नुकसान गजकर्णात, म्हणजे आपण ज्याला नायटा म्हणतो त्यात, होताना दिसते. ही बुरशी जांघेत, काखेत, कमरेला नाडी बांधतो तिथे, अशा घाम साचणाऱ्या जागी वाढते. पावसाळ्यात दमट राहिलेले कपडे, घट्ट जीन्स आणि घरात सर्वांना मिळून एकच टॉवेल यांमुळे ती एकाची दुसऱ्याला लागते. चट्टा गोलाकार असतो, त्याची कडा लालसर, किंचित उंच आणि खवलेदार असते, मधला भाग निवळत जातो आणि कडा बाहेरच्या बाजूला सरकत राहते. मागून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक ट्यूबांमध्ये बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखे जोरकस स्टिरॉइड मिसळलेले असते. ते त्वचेची दाहाची प्रतिक्रिया दाबून टाकते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत खाज आणि लाली ओसरते, रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते, पण ज्या प्रतिक्रियेच्या जोरावर शरीर बुरशीला आवरत होते तीच मंदावल्यामुळे बुरशी आणखी पसरते. मलम थांबवले की चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येतो, वर्तुळाच्या आत वर्तुळे दिसू लागतात, कडा पुसट होते, आणि मग तज्ज्ञ डॉक्टरांनाही नजरेने निदान करणे अवघड जाते. जांघेतील त्वचा पातळ होऊन तिथे जे फाटल्यासारखे पट्टे उमटतात, ते कायमचे राहतात. गेल्या काही वर्षांत देशात टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही आढळू लागली आहे, आणि त्वचारोगतज्ज्ञ तिच्या फैलावाचा संबंध अशा मिश्र मलमांच्या बेसुमार वापराशी जोडतात.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडे शेड्यूल ‘एच’मध्ये आणली, म्हणजे ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम स्पष्ट आहे. तो पाळला जात नाही, यात आम्हा विक्रेत्यांचा आणि ग्राहकांचा दोघांचाही वाटा आहे. मी ट्यूब नाकारली की ग्राहक चार दुकाने सोडून पाचव्या दुकानात जातो, हे मला ठाऊक आहे, तरी नाकारणे हेच योग्य आहे असे माझे ठाम मत आहे. इसब किंवा इतर काही आजारांत हीच स्टिरॉइडे मोलाची असतात. पण किती जोराचे, कोणत्या जागी आणि किती दिवस हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

दुसरा आजार खरूज. तिची आणि नायट्याची गल्लत सर्रास होते, वास्तविक दोन प्रश्न विचारले तरी बराचसा उलगडा होतो: खाज रात्री अंथरुणात पडल्यावर वाढते का, आणि घरात आणखी कोणाला खाजते का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर प्रथम खरजेची शंका घ्यावी. हिचे कारण डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसू शकेल असा कीटक असून त्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवती, कंबर आणि पुरुषांचे जननेंद्रिय या तिच्या ठरलेल्या जागा आहेत. चांगल्या उजेडात बेचकीत पाहिले तर काही मिलिमीटर लांबीची, करड्या रंगाची, नागमोडी बारीक रेघ कधी कधी दिसते. दिसली तर खरजेचे निदान जवळपास पक्केच होते. मोठ्यांच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर खरूज सहसा येत नाही, मात्र तान्ह्या बाळांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि डोक्यावरही येते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आज ज्याला खाजत नाही त्यालाही ती असू शकते, आणि घरातील एकट्या मुलाला औषध लावून ती जात नाही, याचे कारणही हेच आहे.

खरजेवर ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली, बेचक्यांत आणि बेंबीतही लावून रात्रभर ठेवावे लागते, सकाळी अंघोळ करायची असते आणि एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा लावायचे असते. घरातील सर्वांनी ते एकाच रात्री लावावे. अंगावरचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावेत. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवावे, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा कीटक फार काळ जगत नाही. उपचार नीट होऊनही खाज दोन-चार आठवडे रेंगाळू शकते, तेव्हा घाबरून रोज मलम फासत बसू नये. दोन महिन्यांखालील बाळ आणि गरोदर स्त्री यांच्याबाबत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नये. आणखी एक सांगितलेच पाहिजे: खरूज ही अस्वच्छतेची शिक्षा नव्हे. ती दाटीवाटीने राहणाऱ्या कोणालाही होते, आणि लपवल्यामुळे वाढते.

आपल्या जिल्ह्यात शेतीमुळे होणारी खाज वेगळी ओळखावी लागते. ऊसतोडीत पाल्यावरची बारीक कूस मानेला, हातांना आणि पोटऱ्यांना टोचते. ही खाज काम सुरू केल्याच्या दिवशीच येते, उघड्या भागावर असते आणि अंघोळ करून कपडे बदलले की बरीच शमते. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, त्या वेळी बोटांची आग होणे, साल निघणे, लाली येणे हे रसायनाचे थेट परिणाम आहेत. कापडी मोजे भिजले की रसायन त्वचेलगत धरून ठेवतात, म्हणून रबरी हातमोजेच वापरावेत. त्या दिवसांत मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे, श्वास कोंडणे असे गंभीर प्रकार घडू शकतात, याचीही मजुरांना कल्पना द्यायला हवी.

गाजर गवताची ॲलर्जी याहून हट्टी असते. हे गवत आपल्याकडे प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले आणि आज एकही बांध किंवा पडीक जागा त्याच्यापासून मोकळी नाही. त्याचे सूक्ष्म कण हवेतून येऊन बसत असल्यामुळे चेहरा, पापण्या, मान, कोपरांच्या आतल्या घड्या येथे खाज येते आणि त्वचा काळसर, जाड होत जाते. उन्हाच्या ॲलर्जीपासून ती ओळखण्यासाठी वरच्या पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग पाहावा. ऊन जिथे फारसे पोहोचत नाही तिथेही खाज असेल तर गवतावर संशय घ्यावा. वर्षानुवर्षे हा त्रास सोसणारे शेतकरी ‘रक्त बिघडले’ असे समजून जुलाबाची औषधे घेत राहतात, ते पाहून वाईट वाटते.

जागेवरून कारण सापडण्याची आणखी काही उदाहरणे आहेत. कानाच्या पाळीला किंवा बेंबीच्या खाली बटण घासते तिथेच खाज असेल तर ती खोट्या दागिन्यांतील आणि बटणातील निकेलची असते, कपाळावर टिकलीच्या आकाराची खाज तिच्या डिंकाची असते, आणि केसांना रंग किंवा ‘काळी मेंदी’ लावल्यावर एक-दोन दिवसांत टाळू, कान व पापण्या सुजून खाजू लागल्या तर तो रंग पुन्हा कधीही लावू नये.

अंगावर पित्त उठते त्याची ओळख अशी, की गांधी इकडून मावळतात आणि तिकडे उठतात, एक गांधी सहसा २४ तासांहून जास्त टिकत नाही आणि मागे डाग ठेवत नाही. शंका असल्यास पेनाने तिच्याभोवती रेघ ओढून दुसऱ्या दिवशी पाहावे. आपल्याकडे आमसुलाचे पाणी लावण्याची जुनी रीत आहे, तिला माझी हरकत नाही. पण ओठ, जीभ किंवा घसा सुजू लागला, आवाज बसला, श्वासाला त्रास होऊ लागला, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

थंडीत वयस्कर माणसांच्या नडग्या खाजतात, त्याला बहुधा कोरडेपणाच कारण असतो. कढत पाणी आणि वज्रीने घासणे बंद करून, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावले तर बहुतेकांना आराम पडतो.

सगळ्यात सावध राहावे ते पुरळ नसलेल्या खाजेबाबत. अंगभर खाज आहे, ओरखड्यांखेरीज काही दिसत नाही, आणि पाठीच्या मधोमध जिथे हात पोहोचत नाही तेवढा भाग स्वच्छ आहे, असे चित्र असेल तर कारण पोटात किंवा रक्तात शोधावे लागते: यकृत व पित्तनलिकेचे विकार, मूत्रपिंड निकामी होणे, लोहाची कमतरता, थायरॉइडचे बिघाड आणि क्वचित लसिकाग्रंथींचा कर्करोग. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढरट असेल, अथवा वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल, तर दिवस घालवू नयेत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय रात्री खाजत असतील आणि पुरळ नसेल, तर तो पित्ताचा प्रवाह अडल्याचा इशारा असू शकतो. त्यात बाळाला धोका संभवतो, म्हणून त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्यावे. घरातील ज्येष्ठ स्त्रिया ‘पोट ताणतंय म्हणून खाजतं’ असे सांगून ही तक्रार उडवून लावतात, तसे होता कामा नये. जननेंद्रियाजवळ वारंवार खाज येणाऱ्या प्रौढांनी साखर तपासावी. याउलट, फिकट किंवा लालसर चट्टा आहे पण तो खाजत नाही, उलट तिथे स्पर्शच कळत नाही, तर लोक निश्चिंत राहतात. कुष्ठरोगाची सुरुवात अशी होऊ शकते आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते.

डॉक्टरांकडे जाण्याआधी चट्ट्यावर काहीही लावू नये आणि लावले असल्यास ते लपवू नये. सांगलीच्या शासकीय रुग्णालयात आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, तेव्हा तज्ज्ञ परवडत नाही म्हणून शेजाऱ्याचे मलम वापरण्याचे कारण उरत नाही.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे, की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्यावर पहिल्या पंधरवड्यातच कोप्यांवर आणि निवासी शाळांच्या वसतिगृहांत खरजेची तपासणी व्हावी आणि लागण आढळल्यास संपूर्ण तळावर किंवा खोलीतील सर्व मुलांवर एकाच रात्री उपचार व्हावेत. त्यासाठी लागणारे पर्मेथ्रिन प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे हंगामाआधी पोहोचलेले असावे. मलम लावणे, दुसरी मात्रा आणि कपडे धुणे यांची माहिती आशा सेविकांमार्फत कोपीवर प्रत्यक्ष दाखवून दिली जावी, कारण मजूर पहाटे फडावर जातात आणि अंधार पडल्यावर परततात. दवाखान्याच्या वेळेत त्यांना तिथे येणे शक्य नसते.

आपला,
एक फार्मासिस्ट, ता. तासगाव, जि. सांगली